गळ टाकून बसलेला मुलगा रिकामटेकडा नसतो

मे महिन्यात नातू आठ दिवस राहायला आला होता. वय वर्षे नऊ, मुक्काम पुणे. पहिले दोन दिवस मोबाइलमध्ये गेले. तिसऱ्या दिवशी पहाटेच त्याला उठवले आणि उजनीच्या काठावर घेऊन गेलो, मासे धरायला.

आता खरे सांगायचे तर मला स्वतःला मासे धरता येत नाहीत. पस्तीस वर्षे या जलाशयाच्या काठच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, पण गळ कधी हातात घेतला नाही. म्हणून एका जुन्या विद्यार्थ्याला सांगून ठेवले होते. तो आता पन्नाशी ओलांडलेला मच्छीमार आहे. १९८० साली धरण पुरे झाले, भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली, आणि पाण्याबरोबर मासळीवर जगणारी घरे काठावर आली. त्यातलेच एक याचे.

उन्हाळ्यात पाणी लांब मागे सरकते. काठाला भेगाळलेला काळा गाळ. वरून वाळलेला दिसतो, पण खाली ओला असतो आणि पाय आत जातो. त्यामुळे पहिला नियम बसायच्या जागेचा. मग वेळूची काठी, तिला तंगूस, खाली शिशाचा मणी, गळाला गांडूळ आणि वर तरंगायला ज्वारीच्या ताटातले भेंड.

"भेंड नुसतं थरथरलं तर बारकी टोचतायत समजायचं. वढायचं न्हाई. बुडालं की मग वढायचं," त्याने सांगितले. नातू अर्धा तास त्या भेंडाकडे बघत राहिला. हूं नाही की चूं नाही. मंडळी, 'एकाग्रतेचे महत्त्व' या विषयावर मी आयुष्यात किती निबंध लिहून घेतले असतील!

भेंड बुडाले. चार बोटांचा राहू निघाला. नातू आनंदाने नाचायला लागला, तोवर आमचा गुरू म्हणाला, "हात ओला कर. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकटा निघतो. आता सोड त्याला." नातवाचे तोंड उतरले. तेव्हा कळले ते असे: राहू, कटला यांची वीण पावसाळ्यातल्या वाहत्या पाण्यात होते. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण वीत नाहीत. म्हणून धरणात त्यांचे बीज आणून सोडावे लागते.

थोड्या वेळाने चिलापी लागली. ती मात्र पिशवीत गेली. चिलापी मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली. तिची मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते आणि त्या दिवसांत जवळपास काही खात नाही. "म्हणून गळाला आली ती बहुतेक मोकळी असती," तो म्हणाला. "बारीक आसाच्या जाळ्याला हे कळत न्हाई. ते पोटुशी, पिल्लं, बीज, समदंच वढून आणतं."

मी बाजूला दगडावर बसून हे सगळे ऐकत होतो, आणि मला १९८५ सालचा आठवीचा वर्ग आठवत होता. हाच मुलगा रात्रभर बापाबरोबर पाण्यावर राहून उशिरा शाळेत यायचा. वहीला खवले चिकटलेली असायची. "मासे मारून पोट भरेल रे, आयुष्य नाही भरणार," असे मी भर वर्गात म्हणालो होतो आणि बाहेर उभे केले होते. एकदा नव्हे, अनेकदा. नववीनंतर तो शाळेत आला नाही.

नातवाने मध्येच त्याला विचारले, "आजोबा कसं शिकवायचे हो?"

तो हसला. "सर लई चांगलं शिकवायचे. मी खिडकीबाहेरनं ऐकलंय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

शाळा सोडून पोरांनी गळ घेऊन बसावे असे मी म्हणत नाही. अक्षरे आली नाहीत की माणूस कुठे कुठे नाडला जातो, हे मी पाहिले आहे. माझे म्हणणे एवढेच, की मुलाला घरातून मिळालेले ज्ञान शाळेच्या दाराबाहेर ठेवायला लावू नये. एका तासाला मी त्याला फळ्यापाशी बोलावून "राहू आणि चिलापी यांत फरक काय, सांग" म्हटले असते, तर कदाचित तो आत बसला असता. तेवढे मला सुचले नाही. माझी पदवी आड आली.

हल्ली सुट्टीत मुलांना शिबिरांना पाठवतात. पाठवा. पण एक सकाळ पाण्याकाठी, ज्याला पाणी कळते अशा माणसापाशी बसवा. मूल हाताच्या अंतरावर ठेवा. आणि शिकवणाऱ्याचे पैसे द्या, तोही शिक्षकच आहे.

निघताना नातवाने मला विचारले, "तो राहू किलोभर व्हायला किती दिवस लागतील?" मला माहीत नव्हते. मी वळून माझ्या विद्यार्थ्याला विचारले.

"धरा वर्षभर," तो म्हणाला. "पुढच्या मे महिन्यात या, सर."