मांजराचे दात: भुलीशिवाय खरवडणे थांबवा

‘डॉक्टर, हिच्या तोंडाला फार वास येतो. एखादी गोळी द्या ना!’ बंगळूरमध्ये मांजरे तपासणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर ही विनंती पडते. घाईत आपणही प्रतिजैविक लिहून देतो. वास आटोक्यात येतो, औषध संपले की दुखणे पुन्हा डोके वर काढते. हिरडीखालचे किटण तसेच राहिले, तर दुसरे काय होणार?

मांजर दुखणे अंगावर काढते. खाण्याकडे धावते, दाणा तोंडात घेते आणि मान झटकून टाकून देते. घरचे म्हणतात, वय झाले. प्रत्यक्षात 30 दातांपैकी एखादा आतून विरघळत असतो. अशा ‘टूथ रिसॉर्प्शन’मध्ये हिरडीच्या कडेला लालसर मांसल उंचवटा दिसतो. तिथे प्रोब टेकवला, तर हलक्या भुलीतही जबडा थरथरतो. एवढ्या वेदनेवर जागेपणी स्केलर चालवणे हा उपचार नव्हे, छळ आहे. दात वरून पांढरे दिसतात, आजार खाली वाढत राहतो. वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटरनरी असोसिएशनच्या 2020च्या मार्गदर्शक तत्त्वांचाही या प्रकाराला स्पष्ट विरोध आहे.

भूल, श्वासनलिकेत नळी, प्रत्येक दाताभोवती प्रोब आणि संपूर्ण तोंडाचे एक्स-रे, ही वाट टाळता येत नाही. प्रोब 1 मिलिमीटरहून खोल गेला, तर नोंद झालीच पाहिजे. दात मुळासकट काढायचा की फक्त वरचा भाग, हे एक्स-रेच सांगतो. स्प्रिंगचा माउथ गॅग मात्र वापरू नका. जबडा फार ताणला गेला की मॅक्सिलरी धमनी दबते. त्यानंतर मांजरांना अंधत्व आल्याच्या नोंदी आहेत.

आपल्या अभ्यासक्रमात दंतोपचार शल्यचिकित्सेच्या एका कोपऱ्यात उरकले जातात. 1958 पासून पशुवैद्य घडवणाऱ्या हेब्बाळच्या महाविद्यालयाने आणि 1886 पासूनच्या परळच्या महाविद्यालयाने यासाठी हाताला सराव देणारे छोटे वर्ग सुरू करावेत. बंगळूरमध्ये माणसांच्या दंतमहाविद्यालयांची वाण नाही, आणि दंतवैद्यांचे छोटे एक्स-रे यंत्र मांजरालाही चालते. त्यांच्याशी हातमिळवणी करायला कोणाची आडकाठी आहे?

तोवर एवढे तरी करू या. लसीसाठी आलेल्या प्रत्येक मांजराचा ओठ उचलून हिरडी पाहा आणि केसपेपरवर लिहा. पिल्लू असतानाच मऊ ब्रशची सवय लावायला शिकवा. माणसांची टूथपेस्ट नको आणि दुखते म्हणून पॅरासिटामॉल तर कदापि नको, ते मांजराचा जीव घेते, हे पालकांना बजावून सांगा.