गच्चीवरचा तलाव

मे महिन्यातली गोष्ट. सकाळचे पेशंट संपत आले असताना आमचे एक जुने रुग्ण, रक्तदाबाचे, केसपेपर न घेताच आत आले. गोळ्या चालू आहेत का, या प्रश्नाला बगल देऊन म्हणाले, "डाक्टर, तुम्हीच समजाडा त्याले. मन्हं काही आयकत नही तो."

'तो' म्हणजे त्यांचा भाडेकरू. वरच्या मजल्यावर राहणारे शिक्षक, माणूस सालस, भाडे वेळेवर. त्यांनी मुलांसाठी दहा फूट व्यासाचा, लोखंडी नळ्यांच्या चौकटीवर ताणलेला प्लास्टिकचा तलाव मागवून गच्चीवर मांडला होता. शिक्षकांची मुलेही माझ्याकडेच येतात. दोघांना संध्याकाळी बोलावले.

वाचकहो, मी पोरांच्या पोहण्याविरुद्ध नाही. पाठीला वाळलेला भोपळा बांधून मी मामाच्या विहिरीत पोहायला शिकलो. आज त्या विहिरी आटल्या आणि गिरणेच्या पात्रात वाळू उपशाचे खड्डे आहेत. तिथे पोरांना कोण धाडणार? ४४-४५ अंशांच्या उन्हात मुलांना थोडे पाण्यात खेळू द्यावे, असे त्या बापाला वाटले यात काहीच वावगे नाही. प्रश्न आहे तो पाणी किती, हा.

औषधाच्या चिठ्ठीवरच हिशेब मांडला. दहा फूट व्यासाच्या तलावात दोन फूट पाणी म्हणजे सुमारे ४,४०० लिटर. लिटरला एक किलो, म्हणजे जवळजवळ साडेचार टन. इंजिनिअर मंडळी घराची गच्ची साधारणतः चौरस मीटरला दीडशे किलो वजन धरून आखतात. दोन फूट पाण्याचे वजन त्याच जागेवर सहाशे किलो होते. चौपट. "पंधरा दिवस तर काही झाले नाही," शिक्षक म्हणाले. स्लॅब पहिल्या दिवशी तक्रार करत नाही, सर. आणि त्या स्लॅबखाली कोण झोपते? तुमचीच मुले.

पण माझी काळजी वैद्याची होती. पाणी बदलता का, असे विचारले. शिक्षक हसले. जळगावात काय किंवा धुळ्यात काय, नळ रोज येत नाही हे मी वाचकांना सांगायला नको. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात; या हिशेबाने तो तलाव म्हणजे पाच जणांच्या घराचे सहा-साडेसहा दिवसांचे पाणी. ते रोज ओतून देणे परवडत नाही, म्हणून ते तसेच राहते. आणि आठवडाभर राहिलेले पाणी हीच डेंग्यूच्या डासाची गरज. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ही मादी अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओल्या भिंतीवर चिकटवते आणि ती कोरडी पडूनही काही महिने जगतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. कडा घासाव्या लागतात. कूलरच्या टाकीलाही हेच लागू. कोरडा दिवस पाळा असे आरोग्य कर्मचारी दारोदार सांगत फिरतात, त्याचे कारण हे.

"ब्लिचिंग पावडर टाकतो की," शिक्षक म्हणाले. टाकावी, पण आपल्याकडच्या उन्हात उघड्या पाण्यातला क्लोरीन काही तासांत उडून जातो. सकाळी टाकलेल्या पावडरीचा दुपारी भरवसा नाही. मुले पाण्यातच लघवी करतात, नाही म्हणू नका. तिचा क्लोरीनशी संयोग होऊन जे तयार होते त्यानेच डोळे चुरचुरतात. धाकट्याचे लाल डोळे घेऊन ते आदल्या आठवड्यात आले होते, तेव्हा मी उन्हावर खापर फोडले होते. चूक माझी. ती पावडर संडास धुण्याच्या ॲसिडजवळ तर कधीच आणू नये. त्यातून निघणारा वायू फुप्फुसे जाळतो. केरळात २०२४ आणि २०२५ साली मेंदूत शिरणाऱ्या अमिबाचे रुग्ण आढळले. आजार दुर्मिळ, पण बहुतेकदा प्राणघातक. हा अमिबा कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकातून आत शिरतो. मे महिन्यात गच्चीवरचे पाणी कोमटच असते.

इथवर घरमालक खुशीत मान डोलवत होते. मी त्यांच्याकडे वळलो. "काका, तुमची नात दोन वर्षांची. जिन्याला दार आहे?" नव्हते. "अंगणातल्या हौदाला झाकण?" तेही नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालके होती. ती सगळी नदीत वा समुद्रात नव्हे. चालायला लागलेल्या मुलाचे डोके जड असते. ते बादलीत वाकले की उलटे पडते आणि परत उठू शकत नाही. ते ओरडतही नाही. आई शेजारच्या खोलीत पोळ्या लाटत असते आणि तिला काही ऐकू येत नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात असे एक मूल माझ्या टेबलावर आणले होते. बादलीत वीतभर पाणी होते. घरच्यांनी त्याला पाय धरून उलटे टांगून गरगर फिरवले होते आणि त्यात वेळ गेला. उलटे टांगू नका, पोट दाबू नका. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने दोन ते पाच श्वास द्या, लगेच छाती दाबायला लागा, दुसऱ्याला १०८ ला फोन करू द्या.

तलावाचा विजेचा पंपही त्या दोघांत एक शब्द न होता काढायचे ठरले. ओल्या अंगाने कूलरला हात लावून शॉक बसलेले रुग्ण त्या दोघांनीही पाहिले होते.

भाड्याच्या घरात काय करावे नि काय करू नये, हे वकीलसाहेब सांगतील. माझे मत एवढेच की घरमालकाला विचारल्याशिवाय त्याच्या डोक्यावर साडेचार टन ठेवू नये. आणि घरमालकानेही नुसते 'नाही' म्हणून मोकळे होऊ नये. मी दोघांना माप सांगितले: जेवढे पाणी संध्याकाळी ओतून देता येईल, तेवढेच सकाळी भरायचे. चार फुटांचा फुगवायचा टब, त्यात सहा इंच पाणी, म्हणजे सुमारे १८० लिटर. तोही गच्चीवर नको, अंगणात, लिंबाच्या सावलीत. हाताच्या अंतरावर एक मोठे माणूस बसलेले हवे, आणि त्याच्या हातात मोबाइल नको. संध्याकाळी ते पाणी झाडांना नि संडासाला. टब घासून उलटा.

शिक्षकांना चौकटीचा तलाव विकायला जरा जड गेले. पैसे गेले होते. घरमालकांनी मात्र अंगणातली जागा दिली, वर हौदाला पत्र्याचे झाकण करून घेतले. जिन्याचे दार अजून सुताराकडे आहे. दर आठवड्याला मी विचारतो, आणि ते रक्तदाबाच्या गोळ्यांचे बोलतात.