विश्लेषण : एमएसवरील ‘लिबरेशन’ उपचार जनकाच्याच चाचणीत नापास कसा झाला?

मानेतील अरुंद झालेल्या नीला फुग्याने रुंद केल्या, की मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) हा मज्जासंस्थेचा आजार आटोक्यात येतो, असा दावा इटलीतील रक्तवाहिनी शल्यविशारद डॉ. पाओलो झांबोनी यांनी २००९ मध्ये केला होता. त्या आशेवर हजारो रुग्ण पदरचे पैसे मोडून देशोदेशी गेले. पुढे खुद्द झांबोनी यांच्याच नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीने हा उपचार सुरक्षित, पण बहुतांशी निष्प्रभ असल्याचे म्हटले. या चाचणीचे निष्कर्ष ‘जामा न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकाने नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केले.

एमएस हा आजार काय आहे?

विजेच्या तारेवर जसे प्लास्टिकचे वेष्टन असते, तसे मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच या आवरणावर हल्ला करते, असे बहुतेक मेंदूविकारतज्ज्ञ मानतात. मग दृष्टी अंधूक होणे, हातापायांत मुंग्या, तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे असे त्रास सुरू होतात. अनेक रुग्णांत आजाराचा झटका येतो, ओसरतो, काही महिन्यांनी पुन्हा येतो. आजार पूर्ण बरा करणारे औषध नाही. झटके कमी करणारी औषधे आहेत. आजार आपसूक चढतो आणि उतरतो, ही गोष्ट पुढचे सारे प्रकरण समजून घेण्यासाठी ध्यानात ठेवावी लागते.

पायांच्या नसांचा डॉक्टर मेंदूकडे कसा वळला?

झांबोनी हे फेरारा विद्यापीठातले. त्यांच्या संशोधनाची सुरुवात पायांच्या नीलांच्या विकारांपासून झाली. पायातले रक्त वर चढेनासे झाले, की ते तिथेच तुंबते, त्यातील लोह आसपासच्या पेशींत साचते, दाह होतो आणि घोट्याजवळ न भरणारी जखम तयार होते. या लोहाचा त्यांनी बराच अभ्यास केला होता.

१९९५ मध्ये त्यांच्या पत्नीला एमएसचे निदान झाले. या आजारात मेंदूतील डाग बऱ्याचदा बारीक नीलांभोवती असतात, ही जुनी नोंद होती. पायात रक्त तुंबल्याने जे होते तेच मेंदूत होत असेल तर, असा प्रश्न त्यांनी २००६ मध्ये ‘जर्नल ऑफ द रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. कल्पना धाडसी होती, पण मूर्खपणाची नव्हती. दुसऱ्या शाखेतला माणूस कधी कधी असे काही पाहतो, जे त्या शाखेतल्यांच्या नजरेतून निसटलेले असते.

२००९ मध्ये त्यांनी नेमका काय दावा केला?

त्या वर्षी दोन शोधनिबंध आले. पहिल्यात एमएसचे ६५ रुग्ण आणि हा आजार नसलेले २३५ जण यांची डॉप्लर सोनोग्राफीने तपासणी होती. मान आणि छातीतील नीलांमधून मेंदूचे रक्त नीट उतरत नाही, या स्थितीला त्यांनी ‘सीसीएसव्हीआय’ असे नाव दिले. ती सर्व ६५ रुग्णांत आढळली आणि इतर २३५ पैकी एकातही आढळली नाही, असे निबंधात म्हटले होते. शंभर टक्के विरुद्ध शून्य. वैद्यकशास्त्रात इतका स्वच्छ निकाल क्वचितच मिळतो आणि अनेकांच्या भुवया उंचावल्या त्या नेमक्या याच कारणाने.

दुसऱ्या निबंधात ६५ रुग्णांच्या नीला फुग्याने रुंद केल्यानंतर काय झाले, ते होते. झटक्यांपासून मुक्त राहिलेल्यांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले, असा निष्कर्ष होता. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि उपचार झाल्याचे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. मानेतील जवळपास निम्म्या नीला पुन्हा अरुंद झाल्या, हेही त्याच निबंधात नोंदवले होते. पुढे रीतसर तुलनात्मक चाचणी व्हावी, असेही लेखकांनी लिहिले होते. ही दोन वाक्ये फारशी कोणी वाचली नाहीत.

मग एवढी लाट कशी उसळली?

कॅनडामुळे. एमएसचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांत कॅनडाची गणना होते. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या सीटीव्ही वाहिनीवरील ‘डब्ल्यू-५’ कार्यक्रमाने झांबोनी यांची कहाणी दाखवली. पत्नीसाठी झटणारा डॉक्टर, मेंदूच्या तज्ज्ञांना न दिसलेले कारण आणि ‘लिबरेशन ट्रीटमेंट’, म्हणजे मुक्तीचा उपचार, हे नाव. फेसबुकवर रुग्णांचे गट उभे राहिले, उपचारानंतर उठून चालणाऱ्यांच्या चित्रफिती फिरू लागल्या. व्हॉट्सॲपवरील रामबाण उपायांच्या संदेशांची ज्यांना सवय आहे, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. फरक इतकाच, की इथे पाठीशी खरा प्राध्यापक आणि खरे शोधनिबंध होते.

कॅनडाच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने पुराव्याअभावी हा उपचार देण्यास नकार दिला. तेव्हा रुग्ण पोलंड, बल्गेरिया, मेक्सिको, कोस्टा रिका या देशांत जाऊ लागले. भारतातही आले. ‘मेडिकल टुरिझम’ची जाहिरात करणाऱ्यांना ही आयती गिऱ्हाइके मिळाली. अनेकांनी वर्गण्या काढून, कर्ज काढून हा खर्च केला.

याची किंमत केवळ पैशांत नव्हती. कोस्टा रिकात उपचार घेतलेल्या कॅनडातील एका रुग्णाचा २०१० मध्ये गुंतागुंतीनंतर मृत्यू झाला. मे २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने (एफडीए) धोक्याचा इशाराच काढला. मृत्यू, पक्षाघात, बसवलेला स्टेंट जागेवरून सरकणे, नीला फाटणे, रक्ताच्या गुठळ्या होणे असे प्रकार त्यात नोंदवले होते. धमनी जसजशी पुढे जाते तशी निमुळती होते. नीला मात्र हृदयाकडे जाताना रुंद होत जाते. त्यामुळे तिथे सुटलेला स्टेंट अडकून न राहता थेट हृदयापर्यंत पोहोचू शकतो.

मतदारांच्या दबावामुळे राजकारणी मागे राहिले नाहीत. कॅनडातील सस्कॅचवान प्रांताने चाचण्यांसाठी निधी जाहीर केला, केंद्र सरकारनेही चाचणीला पैसा दिला. एमएसवर इतर दिशांनी चाललेल्या संशोधनासाठी हा पैसा वापरता आला असता, ही टीका तेव्हाही झाली होती.

इतर शास्त्रज्ञांना काय आढळले?

इटलीतच ‘कॉस्मो’ नावाच्या अभ्यासात १,७६७ जणांची सोनोग्राफी झाली. समोरचा माणूस रुग्ण आहे की निरोगी, हे तपासणाऱ्याला सांगितले नव्हते. एमएसच्या रुग्णांत ही स्थिती सव्वातीन टक्क्यांच्या आसपास आढळली, निरोगी लोकांत दोन टक्क्यांहून थोडी अधिक. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या कॅनडातील अभ्यासात तर नीला निम्म्याहून अधिक अरुंद असणाऱ्यांचे प्रमाण रुग्णांत ७४ टक्के, त्यांच्या भावंडांत ६६ टक्के आणि नात्यात नसलेल्यांत ७० टक्के निघाले. म्हणजे मानेतील नीला अरुंद असणे हे बहुतेकांच्या बाबतीत साधे शरीरवैशिष्ट्य आहे.

मग शंभर टक्के कुठून आले? मानेतील नीला मऊ असते. श्वास, मान वळवणे, अंगातील पाण्याचे प्रमाण, इतकेच काय, सोनोग्राफीचा दांडा किती दाबला यावरही तिचा आकार बदलतो. अशा तपासणीत करणाऱ्याचा हात आणि त्याची अपेक्षा यांना फार वाव मिळतो.

झांबोनी यांच्या नव्या चाचणीत वेगळे काय?

‘ब्रेव्ह ड्रीम्स’ या चाचणीत ११५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी झाली. ७६ जणांच्या नीलांत फुगा फुगवला गेला. ३९ जणांच्या नीलांत नळी गेली, पण फुगा फुगवला नाही. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला आणि वर्षभर त्याची तपासणी करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. उपचार झाल्याच्या नुसत्या समजुतीनेही बरे वाटते. शिवाय एमएसचा झटका आपसूक ओसरतोच. खऱ्या परिणामातून या दोन्ही गोष्टी वजा करण्याचा हाच मार्ग आहे.

चालणे, तोल, हातांची हालचाल, लघवीवरील नियंत्रण, दृष्टी यांत सुधारणा झालेल्यांचे प्रमाण खऱ्या उपचाराच्या गटात ४१.७ टक्के होते, तर दिखाऊ उपचाराच्या गटात ४८.७ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नाही. पण फुग्याचा फायदा झाला असे कुठल्याही अंगाने म्हणता येत नाही. आणखी एक आकडा बोलका आहे. चाचणीसाठी घेतलेल्या १७७ रुग्णांपैकी ४७ जणांच्या डॉप्लर सोनोग्राफीत तो दोष सापडलाच नाही. याच संशोधकाने पूर्वी तो शंभर टक्के रुग्णांत असल्याचे सांगितले होते.

मार्च २०१७ मध्ये कॅनडातील १०४ रुग्णांच्या अशाच चाचणीचा निकाल जाहीर झाला होता. तोही नकारात्मकच.

झांबोनी यांच्या कारकीर्दीकडे कसे पाहायचे?

त्यांना भोंदू ठरवणे सोपे आहे, पण ते रास्त होणार नाही. भोंदू माणूस स्वतःच्या उपचाराची अशी परीक्षा घेत नाही आणि घेतली तरी निकाल छापत नाही. मात्र हा क्रम उलटा झाला, हेही खरे. तुलनात्मक चाचणी आधी आणि प्रसिद्धी नंतर, असे झाले असते तर अनेकांच्या मानेत आज स्टेंट नसते. या दोषात वाहिन्या, दवाखाने आणि राजकारणी वाटेकरी आहेत. पण ‘लिबरेशन’ या नावाला झांबोनी यांनी वेळीच ठाम अटकाव केल्याचे दिसले नाही.

मेंदूतून रक्त खाली कसे उतरते, याकडे लक्ष वेधण्याचे श्रेय मात्र त्यांच्याकडे राहील. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात इटलीच्या अंतराळवीर सामंथा क्रिस्टोफोरेट्टी यांनी गळ्याभोवती पट्टा बांधून केलेला ‘ड्रेन ब्रेन’ हा प्रयोग झांबोनी यांच्याच चमूचा होता. गुरुत्वाकर्षण नसताना मानेतील नीलांमधून रक्त कसे वाहते, हे त्यात मोजले गेले.

रुग्णांनी आता काय करायचे?

एमएसच्या रुग्णांना नीला रुंद करण्याची शिफारस करता येत नाही, असे निबंधाचे लेखकच सांगतात. सहा महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये काही रुग्णांत नवे डाग कमी दिसले. झांबोनी यांच्या चमूला त्यात तेव्हा रस होता. परंतु त्या आधारे कोणी आज फुगा घालून घेण्याचा सल्ला देत असेल, तर तो मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवून घ्यावा. ज्यांच्या मानेत आधीच स्टेंट बसवला आहे, त्यांनी तो डॉक्टरांना न चुकता सांगावा. गुठळी होण्याची शक्यता असल्याने त्यांच्यावर देखरेख ठेवावी लागते. लाटेच्या काळात काहींनी नेहमीची औषधे थांबवली होती. ती तज्ज्ञांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करणे अधिक निकडीचे आहे.