कानाच्या मशीनमधला आगंतुक

पूर्वी कानाच्या मशीनच्या तक्रारी ठरलेल्या असत. शिट्टी वाजते, सेल लवकर उतरतो, मळ अडकून आवाज बसतो, लग्नाच्या पंगतीत सगळ्यांचे बोलणे एकदम कानावर आदळते. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. ‘‘डॉक्टर, मशीनमध्ये मध्येच कुणी बाई बोलते.’’ सत्तरीतले गृहस्थ हे सांगण्याआधी दाराकडे एकदा पाहून घेतात, कारण कानात आवाज येतात असे म्हटले तर लोक भलताच अर्थ काढतील ही त्यांना धास्ती असते. घरच्यांनी तसा अर्थ काढल्याची उदाहरणेही आहेत.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असे घडत असेल तर आधी एक खुलासा करतो. ही बाई भास नव्हे. ती तुमच्या मोबाइलमधली आहे. (मशीन काढून ठेवल्यावरही आवाज किंवा बोलणे ऐकू येत असेल, तर मात्र तो वेगळा विषय आहे आणि त्यासाठी डॉक्टरांनाच भेटले पाहिजे.)

प्रकार असा आहे. साधारण २०१४ पासून फोनशी थेट जोडता येणारी श्रवणयंत्रे बाजारात आली. तार नाही, गळ्यात अडकवायचा डबा नाही. फोन आला की समोरच्याचे बोलणे ब्लूटूथवरून सरळ दोन्ही कानांत. ज्यांना फोनवर मुलीचा आवाज ओळखू येत नव्हता त्यांना तो स्पष्ट ऐकू येऊ लागला. ही फार मोठी सोय आहे आणि तिच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण त्याच सुमारास फोनमध्ये बोलणारे मदतनीस शिरले. अ‍ॅपलच्या फोनात २०११ साली सिरी आली, २०१६ साली गूगल असिस्टंट आला, २०१८ मध्ये तो मराठीही बोलू लागला. आता अनेक फोनांत त्याच्या जागी जेमिनाय दिसतो. हाक मारली की किंवा बटण दाबले की हा मदतनीस जागा होतो आणि काय हवे ते विचारतो. फोन कानाच्या मशीनला जोडलेला असला की तो अर्थात कानातच विचारतो.

धडधाकट कानाच्या तरुणाला यात फक्त वैताग आहे. मशीन वापरणाऱ्याचे नुकसान वेगळे आहे. फोनचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्या वेळी पुष्कळशी मशीन बाहेरचा आवाज आपोआप कमी करतात. म्हणजे बँकेच्या खिडकीपाशी उभे असताना मदतनीस जागा झाला, की समोरच्या कारकुनाचे वाक्य अर्ध्यावर बुडाले. दिवसातून असे चार वेळा झाले की माणूस काय करतो? मशीन काढतो आणि कपाटात ठेवतो. एका निवृत्त शिक्षकांनी लाखाच्या घरातली जोडी दोन महिने अशीच डबीत ठेवली होती. घरच्यांची समजूत अशी की, बाबांना मशीनची सवयच होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार, ज्यांना श्रवणयंत्राचा उपयोग होऊ शकेल अशांपैकी जेमतेम १७ टक्के लोक ते वापरतात. दुसरीकडे, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली, त्यांत ऐकू कमी येणे हे एक प्रमुख कारण आहे. न ऐकणारा माणूस गप्पांतून उठतो, मग घरातूनही उठल्यासारखा होतो. मशीन कपाटात जाणे ही म्हणूनच किरकोळ बाब नाही. ते एका बिनकामाच्या सोयीपायी कपाटात जावे, याची मला चीड येते.

आता हा आगंतुक कोणत्या दाराने आत येतो ते पाहू. दारे तीन आहेत आणि त्यांतले पहिले बहुतेकांना ठाऊकच नसते. नव्या, महागड्या मशीनमध्ये हालचाल ओळखणारा एक बारीक भाग बसवलेला असतो. कानाच्या पाळीवर किंवा मशीनवर दोन टिचक्या मारल्या की फोन उचलला जातो, चालू गाणे थांबते, आणि फोन आलेला नसेल, काही वाजतही नसेल, तर मदतनीस जागा होतो. कल्पना चांगली आहे, पण ज्याने ती काढली त्याने आपल्याकडची म्हातारी माणसे पाहिली नसावीत. चष्म्याची दांडी त्याच जागी बसते. दिवसातून वीस वेळा चष्मा काढायचा आणि घालायचा. कानटोपी, मफलर, हेल्मेट, डोक्यावरून सावरलेला पदर, उशीवर कूस बदलणे, या सगळ्यांचा धक्का त्या बिचाऱ्या यंत्राला टिचकीसारखाच वाटतो. मशीनवर बटण असेल तर त्याचीही गत तीच. ते जास्त वेळ दाबले गेले तर काही मशीनमध्ये हाच हुकूम फोनला जातो.

दुसरे दार फोनच्या अंगावरचे. अलीकडच्या बऱ्याच फोनांत बाजूचे बटण दाबून धरले की मदतनीस येतो. सदऱ्याच्या खिशात चष्म्याचे घर, डायरी आणि फोन एकत्र कोंबले की बटण दबते. घट्ट कव्हरनेही दबते.

तिसरे दार हाकेचे. फोन ‘हे गूगल’ किंवा ‘सिरी’ या शब्दासाठी कान टवकारून बसलेला असतो आणि त्याची ऐकण्यात चूक होते. जर्मनीतील बोखुमचे रूर विद्यापीठ आणि माक्स प्लांक संस्था यांच्या संशोधकांनी २०२० साली अशा उपकरणांसमोर दूरदर्शन मालिका व बातम्या लावून पाहिल्या, तेव्हा चुकून जागे करणारे हजाराहून अधिक शब्दप्रयोग सापडले. इंग्रजीतल्या ‘अ सिटी’ या शब्दांना सिरी फसली आणि ‘ओके, कूल’ला गूगल फसला. आपल्या घरात तर ‘सिरियल’ हा शब्द संध्याकाळभर चाललेला असतो. तेव्हा टीव्हीशेजारी फोन ठेवून बसणाऱ्यांनी हे दारही तपासावे.

कोणते दार उघडे आहे हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. एक दिवस घरी असताना फोनचे ब्लूटूथ बंद ठेवा आणि नेहमीसारखे वागा. तरीही मदतनीस फोनच्या स्पीकरवरून बोललाच, तर दोष मशीनचा नाही. बटण किंवा हाक यांपैकी एक आहे. त्या दिवशी तो गप्प बसला, तर ब्लूटूथ चालू करा, फोन हाताने न शिवता टेबलावर ठेवा, टीव्ही बंद करा आणि चष्मा दोन-तीनदा काढून घाला. कानात ‘टिंग’ झाले की चोर सापडला. हा प्रयोग नातवाला सोबत घेऊन करावा. त्याला मजा येते आणि आजोबा खोटे बोलत नव्हते हेही त्याला कळते.

उपाय त्या त्या दाराचा. टिचकीचा दोष असेल तर मशीनबरोबर मिळालेल्या अ‍ॅपमध्ये टिचकीचे काम बदलता येते. फोन उचलण्यापुरती टिचकी राहू द्यावी आणि मदतनिसाचे काम काढून टाकावे. काही मशीनमध्ये टिचकीचा हळवेपणा कमी करता येतो, काहींत डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळी कामे देता येतात. अ‍ॅप वापरत नसाल तर हेच काम ऑडिओलॉजिस्ट संगणकावर मशीन जोडून काही मिनिटांत करतो. त्याला फक्त ‘मशीन बिघडले’ असे सांगू नका. ‘चष्मा घालताना फोनचा मदतनीस चालू होतो, ती सोय बंद करा,’ असे स्पष्ट सांगा.

फोनच्या बाजूला काम थोडे किचकट आहे. आयफोनमध्ये सेटिंग्जमधील सिरीच्या पानावर हाकेची सोय बंद करावी, बाजूच्या बटणाची सोय बंद करावी आणि फोन कुलूपबंद असताना सिरीला दिलेली परवानगीही काढावी. इथे एक खाचखळगा आहे. सिरी पूर्ण बंद केली तरी बटण दाबून धरल्यावर तिच्या जागी जुने ‘व्हॉइस कंट्रोल’ येऊ शकते, आणि ते अर्धवट ऐकून भलत्यालाच फोन लावते. रात्री अकरा वाजता व्याह्यांना फोन जाणे कोणाला परवडणार? म्हणून अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन साइड बटण या ठिकाणी ‘दाबून धरून बोला’ यापुढे ‘ऑफ’ निवडावे. अँड्रॉइड फोनात गूगलच्या सेटिंगमध्ये हाक बंद करावी आणि पॉवर बटण दाबून धरल्यावर मदतनिसाऐवजी फोन बंद करण्याचा पर्याय यावा असे करून घ्यावे. प्रत्येक कंपनीच्या फोनात हे पान वेगळ्या जागी असते, तेव्हा सेटिंग्जच्या शोधपट्टीत त्या सोयीचे नाव टाकून पाहणे सोपे.

एक उपाय मात्र सहसा करू नये, तो म्हणजे ब्लूटूथ कायमचे बंद करणे. दुकानदार तो लगेच सुचवतात. त्याने मदतनीस जातो हे खरे, पण मुलीचा फोनही कानातून जातो; मग एवढे महागाचे मशीन घेतले कशाला?

आणि सरसकट सगळ्यांनीच मदतनीस हाकलावा असेही माझे म्हणणे नाही. दृष्टी अधू असेल, हात थरथरत असतील, तर ‘मुलाला फोन लाव’ एवढे बोलून काम होणे हा मोठा आधार आहे. अशांनी हाक चालू ठेवावी आणि टिचकी तेवढी बंद करावी.

माझा खरा आक्षेप पुढे आहे. ही सोय घेणाऱ्याला न विचारता त्याच्या कानात का बसवायची? कित्येक गावांत मशीन विकले जाते ते महिन्यातून एकदा भरणाऱ्या कॅम्पमध्ये. पाऊण तासात तपासणी, माप, पैसे आणि इंग्रजीतले माहितीपुस्तक. गिऱ्हाईक चष्मा लावते का, कोणत्या कुशीवर झोपते, दुचाकी चालवते का, फोन कोणता वापरते, हे कोणी विचारत नाही. चष्म्याच्या दुकानात माणूस वाचायला बसतो की शिवायला, हे विचारतात. कानाच्या बाबतीत तेवढेही नको? मदतनिसाची सोय कारखान्यातून बंदच यावी, ज्याला हवी त्याने मागून चालू करून घ्यावी. फोनच्या कंपन्यांनीही हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. न बोलावता जागी होऊन सिरीने खासगी बोलणे टिपले, या आरोपावरून अमेरिकेत अ‍ॅपलवर दावा झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने, चूक मान्य न करता का होईना, साडेनऊ कोटी डॉलर देऊन तडजोडीची तयारी दाखवली. तिथल्या ग्राहकाला न्यायालय आहे. आपल्याकडच्या आजींना निदान कॅम्पमधल्या माणसाने पाच मिनिटे द्यावीत.

मुलासुनांनाही एक सांगणे आहे. नवा फोन भेट देताना सगळ्या सोयी चालू करून देण्याची हौस आवरा. ‘बाबांना मोबाइल जमत नाही’ हे वाक्य मी फार ऐकतो. बहुतेक वेळा बाबांनी काही केलेलेच नसते, फक्त चष्मा घातलेला असतो.

तपासणीला येताना मशीनबरोबर फोनही आणावा. माणसे मशीन रुमालात बांधून आणतात आणि फोन घरी चार्जिंगला ठेवून येतात, मग अर्धा दोष घरीच राहतो. कानात नुसती टिंगटिंग होत असेल आणि पुढे कोणी बोलत नसेल, तर ती चार्जिंग संपत आल्याची किंवा मशीनचा प्रोग्राम बदलल्याची खूण असू शकते. तिचा मदतनिसाशी संबंध नसतो. फोनमध्ये नवे सॉफ्टवेअर आले किंवा फोन बदलला, की बंद केलेल्या सोयी पुन्हा एकदा तपासून घ्याव्यात.