‘सेवा’ म्हणायचं आणि पगार कापायचा

आपल्या फोंडा-म्हापशाकडच्या घरांतून हल्ली एक वाक्य वारंवार कानावर येतं. "पोरीला नर्सिंगला घालून काय मिळवलं? हॉटेलात गेली असती तर बरं झालं असतं." वाक्य झोंबतं, कारण हिशेबाने ते खोटं नाही.

आमच्याच वाड्यावरची दोघं घ्या. मुलीने तीन वर्षं जीएनएम केलं. खासगी नर्सिंग होममध्ये हातात चौदा हजार, त्यात नाइट ड्युटी. मुलगा किनाऱ्यावरच्या हॉटेलात वेटर. पगार तेवढाच, पण दोन वेळचं जेवण, राहायला खोली आणि सीझनमध्ये टिप्स वर.

मुलाचा मला राग नाही. तोही दहा तास उभा असतो, पावसाळ्यात टिप्स आटतात. पण गिऱ्हाईक खूश झालं तर त्याच्या खिशात चार पैसे पडतात. नर्सने पेशंटकडून शंभर रुपये घेतले तर ती लाच. घेऊच नयेत. म्हणून तर तिचा पगारच पुरेसा हवा!

"हॉस्पिटलला परवडत नाही" म्हणतात. अहो, बिल नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी ‘नर्सिंग चार्जेस’ रोजचे वेगळे लावलेले असतात. मी बँकेत आयुष्यभर जमा-नावे जुळवली. इथे जमा दिसते, त्यातलं नर्सच्या हातात किती पडतं ते कोणी दाखवत नाही.

मार्ग नाही असंही नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निर्देशावरून केंद्राने समिती नेमली. २०० हून जास्त खाटांच्या खासगी हॉस्पिटलात सरकारी नर्सइतका पगार आणि ५० हून कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये, ही तिची शिफारस. केरळात नर्सेसनी आंदोलन केलं, तेव्हा २०१८ मध्ये तिथे किमान २०,००० ठरले. बाकी ठिकाणी ‘सेवाभाव’ पुरेसा समजला जातो.

बँकेच्या नोकरीलाही मान आपोआप आला नाही. १९६६ च्या पहिल्या द्विपक्षीय करारामागे युनियनची वर्षानुवर्षांची झुंज होती. आम्हाला कोणी ‘सेवा करा’ म्हणून गप्प बसवू शकलं नाही.

आपल्यातले कितीतरी जण हॉस्पिटलांच्या ट्रस्टवर आहेत, देणगीच्या पाट्यांवर आपल्या घराण्यांची नावं आहेत. पुढच्या सभेत एवढंच विचारा, नर्सला महिन्याला हातात किती मिळतात? उत्तर वीस हजारांच्या खाली आलं, तर पुढची देणगी पाटीसाठी नको, तिच्या पगारासाठी द्या. आणि तसं लेखी घ्या.