घरातला डॉल्बी आणि दारातला डॉल्बी

आमच्या घरात संध्याकाळी बातम्यांच्या वेळी एक भांडण ठरलेले असे. आप्पा, म्हणजे माझे वडील, वय वर्षे ८३, रिमोट हातात घेऊन टीव्हीचा आवाज वाढवीत नेत. सौ. स्वयंपाकघरातून हाक मारी, "अहो, जरा कमी करायला सांगा!" आणि चिरंजीव आपल्या खोलीचे दार धाडकन लावून घेत. गंमत अशी, की आवाज कितीही चढवला तरी आप्पांची तक्रार कायमच. "आवाज येतो रे, शब्द कळत नाहीत."

आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवूनही या साध्या वाक्याचा अर्थ मी बरेच दिवस लक्षात घेतला नव्हता. वयोमानाने कान अधू होतो तो आधी वरच्या पट्टीतल्या, बारीक आवाजांना. स, श, थ, ख ही व्यंजने नेमकी तिथली. स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात, आणि वाक्याचा नुसता गलबला होतो. त्यात हल्लीचे टीव्ही इतके सपाट, की त्यांचे स्पीकर बहुधा खाली नाहीतर पाठीमागे तोंड करून असतात. बातमी देणारा आप्पांशी बोलण्याऐवजी आमच्या भिंतीशीच बोलत होता म्हणायचे!

चिरंजीवांनी उपाय सुचवला: होम थिएटर घेऊ. "चांगला डॉल्बी बसवू, बाबा." हे ऐकून आई पोथी बाजूला ठेवून म्हणाली, "घरात डॉल्बी? रस्त्यावरचा कमी पडला का?"

आईचे काही चुकले नाही. आमच्या सातारा-सांगलीकडे डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली खोक्यांची भिंत. विसर्जनाची मिरवणूक असो, वरात असो, नाहीतर निवडणुकीतला विजय असो, छातीत धडकी भरवणारे जे काही वाजते त्याला आमच्याकडे सरसकट डॉल्बी म्हणतात. पण हे नाव आले कुठून?

रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंत्याचे नाव. जन्म १९३३, मृत्यू २०१३. १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून ते भारतात, चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत होते. योगायोग असा, की आमचे सांगलीचे आकाशवाणी केंद्रही १९६३ सालचेच. भारतातून गेल्यावर १९६५ साली डॉल्बींनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली आणि पहिले काम हाती घेतले ते ध्वनिफितीतली खरखर घालवण्याचे. ज्यांनी कॅसेटचा जमाना पाहिला त्यांना डेकवरचे 'डॉल्बी एनआर' हे बटण आठवत असेल. एनआर म्हणजे नॉइज रिडक्शन. गोंगाट कमी करणे! ज्या माणसाने नको असलेला आवाज काढून टाकण्यासाठी हयात वेचली, त्याचे नाव आम्ही नको असलेल्या आवाजालाच दिले. सिनेमातला चहूबाजूंनी येणारा ध्वनी ही त्याच प्रयोगशाळेची पुढची कामगिरी. १९९२ च्या 'बॅटमन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल चित्रपटगृहात आले आणि तिथून यथावकाश दिवाणखान्यात.

तर आम्ही घरातला डॉल्बी करायचे ठरवले. दुकानात जाण्याआधी खोलीचा आराखडा कागदावर काढला. आमचा हॉल १४ फूट बाय ११ फूट. 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. पुढे डावा आणि उजवा. मधोमध, टीव्हीखाली, तिसरा. ऐकणाऱ्याच्या बाजूंना, किंचित मागे, दोन. आणि ढोलाचा खर्ज वाजवणारे सहावे खोके म्हणजे सबवूफर. पुढचे दोन स्पीकर आणि बसायची जागा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, म्हणजे ध्वनी कुठून येतो ते नीट उमगते. मागचे दोन कानांच्या थोडे वर असावेत. या साऱ्यांना ज्याचा त्याचा आवाज वाटून देणारा रिसीव्हर हा या घराचा कर्ता पुरुष.

दुकानात पहिला धडा मिळाला तो वॅटचा. खोक्यावर हजारांत आकडे छापलेले असतात. त्यातला 'पीएमपीओ' हा आकडा निव्वळ शोभेचा. विचारायचा तो 'आरएमएस', म्हणजे यंत्र सातत्याने जेवढी शक्ती देऊ शकते तो. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला जवळजवळ दसपट शक्ती लागते. आमच्या एवढ्याशा खोलीला हजारो वॅट म्हणजे आमटीला फोडणी द्यायला वणवा पेटवण्यासारखे. ज्यांचे अंदाजपत्रक बेताचे आहे त्यांनी सहा हलकी खोकी घेण्यापेक्षा दोन चांगले स्पीकर घ्यावेत आणि पुढे जमेल तशी भर घालावी, हा माझा अनुभवाचा सल्ला.

दुसरा धडा घरी आल्यावर. सगळे जोडले, सुरू केले, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा! दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता. खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, चहूकडे सिमेंटचा गिलावा आणि एका बाजूला भलीमोठी काच. ध्वनी टप्पे खात हिंडत होता. आमच्या जुन्या वाड्यात मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, दोरीवर घातलेल्या गोधड्या असत. तिथे आजोबांचा साधा रेडिओ किती गोड वाजे! मग आम्ही जाड पडदे लावले, सतरंजी अंथरली, पुस्तकांचे कपाट मागच्या भिंतीला आणले. या सगळ्याला रिसीव्हरच्या मानाने नगण्य खर्च आला आणि फरक मात्र सर्वांत मोठा पडला.

सबवूफरची जागा शोधण्याची रीत तर मजेशीर आहे. तो आधी आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, एखादे गाणे लावायचे आणि आपण रांगत रांगत खोलीभर फिरायचे. जिथे खर्ज सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल ती त्याची जागा. खोलीच्या मापाप्रमाणे काही खर्ज सूर फुगतात, काही दबतात. ११ फुटांच्या रुंदीत साधारण ५१ हर्ट्झचा सूर घुमतो. निवृत्त मास्तरांना जमिनीला कान लावून रांगताना पाहून आईने जे काय म्हटले ते इथे लिहीत नाही.

आणि आप्पा? जादू केली ती मधल्या स्पीकरने. चित्रपटातले आणि मालिकांतले संवाद मुख्यतः त्यातूनच येतात, आणि रिसीव्हरवर त्या एकट्याचा आवाज वाढवता येतो. संगीत, स्फोट, गाड्या तशाच खाली राहिल्या आणि शब्द वर आले. बातम्यांचे दोन स्पीकरांपुरते ध्वनिमुद्रणही रिसीव्हर असेच वाटून देतो. टीव्हीचा एकूण आवाज पूर्वीपेक्षा कमी, आणि आप्पा म्हणाले, "आज शब्द कळले."

इथे ही गोष्ट संपली असती. पण चौथ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या. त्यांची मुलगी दहावीला. "गाणी ऐकू येत नाहीत हो, नुसते धम् धम् येते." आमची त्यांची भिंत सामाईक. बारीक आवाज भिंतीत अडतो. खर्ज भिंतीलाच हलवून पलीकडे जातो. म्हणजे गोडवा आमच्याकडे आणि धक्के त्यांच्याकडे! सबवूफर दुसऱ्या भिंतीकडे हलवला, खाली जाड रबर घातले आणि दहानंतर तो बंद, असे ठरवून टाकले. मग कायदाही उघडून पाहिला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. खासगी ध्वनियंत्रणेने आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त भर घालता कामा नये, असेही त्यात आहे. म्हणजे माझ्या हॉलमधल्या खोक्यालाही कायदा आहे. मला तो रास्त वाटला.

त्याच सुमारास सांगलीला ताईकडे जाणे झाले. भावजी आम्हाला मिरजेला तंतुवाद्ये करणाऱ्यांच्या गल्लीत घेऊन गेले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे टांगलेले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य असलेले हे गाव. एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होते. घोडी किंचित घासायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा घासायचे. दाराबाहेर एखादी मोटार कर्कश वाजली की हात थांबत. ते थांबणे पाहताना माझ्या ध्यानात आले, की आमच्या खरेदीच्या यादीत एक वस्तू राहून गेली होती. शांतता. ती असल्याशिवाय तंबोऱ्याचा गंधार उमटत नाही आणि आप्पांचा 'स' ऐकू येत नाही. आणि ती कुठल्याच दुकानात मिळत नाही.

ती किती दुर्मीळ आहे हे गणेशोत्सवात कळले. मिरवणूक आमच्या कोपऱ्यावर आली तेव्हा घरातला डॉल्बी बंदच होता, पण खिडकीची तावदाने थरथरत होती, फळीवरची भांडी वाजत होती. मोबाइलवरच्या मापकाचा फार भरवसा धरू नये. तरी तो शंभराच्या आसपास घुटमळत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास सोसतात. १०० डेसिबल आठवड्याकाठी जेमतेम वीसेक मिनिटे. मिरवणूक कोपऱ्यावर थांबली होती तासभर. आप्पांनी श्रवणयंत्र काढून डबीत ठेवले आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. ज्या माणसाला शब्द ऐकू यावेत म्हणून आम्ही एवढा खटाटोप केला, त्याने त्या रात्री स्वतःहून कान बंद केले.

हा केवळ म्हाताऱ्यांच्या त्राग्याचा विषय नाही. २०१४ साली सातारा शहरात विसर्जन मिरवणुकीच्या वेळी भिंत कोसळून तिघे दगावले. डॉल्बीच्या हादऱ्यांकडे तेव्हा बोट दाखवले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यात मिरवणुकीच्या दणदणाटात दोन तरुण दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या. आवाज हेच एकमेव कारण होते असे मी म्हणणार नाही. पण प्रश्न विचारायला एवढे पुरे आहे.

मग कायदा काय करतो? कायदा कमी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच सांगितले, की बोलण्याच्या स्वातंत्र्यात इतरांना ऐकायला भाग पाडण्याचा हक्क येत नाही. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने उत्सवातल्या डीजेवरची बंदी उठवायला नकार दिला. पण अंमल करायचा कुणी? मापक घेऊन उभा असलेला हवालदार एक आणि समोर नाचणारी पोरे पाचशे. तक्रार करणाऱ्याचे नाव गल्लीत फुटले की तो 'देवाच्या आड येणारा' ठरतो. शेजारच्या मंडळाने दहा खोकी आणली की आपल्याला बारा हवीत. पुढाऱ्यांना त्या पोरांची मते हवीत. आणि ज्याने कर्ज काढून खोकी घेतली त्याला हप्ता फेडायचा आहे; त्याला नुसता खलनायक ठरवूनही भागणार नाही. डॉल्बी गेला आणि त्याजागी शंभर ढोल आले, तरी कानाच्या दृष्टीने फार काही साधत नाही.

वाट आहे, आणि ती आपल्याच भागात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवले, की संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी बोलायचे. साडेआठला पुन्हा भोंगा. कुठला कायदा नाही, दंडाची भीती नाही. गावाने गावाला दिलेला शब्द. भोंगा तोच, पण गप्प बसण्याची खूण म्हणून वाजणारा! डॉल्बीमुक्त उत्सवाचे ठरावही आपल्याकडे काही गावांनी केले आहेत. जिथे ठराव वरून आला तिथे तो एक वर्ष टिकला. जिथे मंडळांनी आपसांत बसून केला तिथे टिकायची आशा जास्त.

वहिनींनी दार वाजवले तेव्हा त्यांनी नियमाचे पुस्तक आणले नव्हते. "पोरीची परीक्षा आहे" एवढेच म्हणाल्या, आणि आमचा सबवूफर हलला. समोरासमोर सांगितलेली अडचण डेसिबलच्या आकड्यापेक्षा लवकर पोचते. आमच्या मंडळातली पोरे काही परकी नाहीत. निम्मी माझ्या वर्गात बसून गेलेली आहेत. त्यांना आजवर कुणी कधी सांगितलेच नाही, की मिरवणूक थांबते त्या कोपऱ्यावर एक म्हातारा श्रवणयंत्र काढून बसतो.

पुढच्या उत्सवाच्या तयारीची बैठक लागेल तेव्हा मी जाणार आहे. रात्री जेवताना हे बोललो. मधला स्पीकर असो नसो, आप्पांना शब्द बरोबर कळले. म्हणाले, "एकटा जाऊ नकोस. मी येतो. माझे मी सांगतो."