कसोटी हमरस्त्याकडेच्या गावाची

पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळ मागे पडले की सारोळ्याच्या आधी किकवी लागते. मुंबईहून बेंगळुरूकडे धावणाऱ्या गाड्यांसाठी भोर तालुक्यातले हे गाव म्हणजे मिनिटा-दोन मिनिटांचा रस्ता. गावाच्या वाट्याला मात्र हा रस्ता दिवसभराचा आहे. शाळेची मुले, शेताला निघालेल्या बाया, शिरवळच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून परतणारे तरुण, उसाच्या ट्रॉल्या, दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे निघालेले धनगर, अशा सगळ्यांचा या पट्ट्यातल्या हमरस्त्याशी रोजचा संबंध. विनाचालक गाड्या भारतात याव्यात की नाही, या चर्चेत गाडीत बसणाऱ्याचा विचार झाला, विकणाऱ्याचा झाला, गाडी चालवून पोट भरणाऱ्याचाही थोडाफार झाला. रस्ता ओलांडणाऱ्याचा अजून झालेला नाही. आमच्या मते या यंत्राचे गुणदोष ठरवायचे ते याच माणसाच्या जिवावरून.

विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत पायी चालणारे ३२ हजार ८२५ आणि दुचाकीवरचे ७४ हजार ८९७ होते. महाराष्ट्रातल्या मृतांचा आकडा १५ हजार २२४. देशभरातल्या या मृत्यूंपैकी बहुतेक अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले आहेत. वेगाच्या मागे पुष्कळदा काय असते, हे महामार्गाकडेच्या कोणत्याही ढाब्यावर कळते: रात्रभराचे जागरण, दारू, एका हातात मोबाइल, आणि माल वेळेत पोचवण्याचा मालकाचा तगादा. यंत्राला झोप येत नाही, ते पीत नाही, ओव्हरटेक करणाऱ्यावर खुन्नस काढत नाही. एवढ्या कारणासाठीसुद्धा विनाचालक गाडीला सरसकट नकार देणे आम्हाला मान्य नाही.

अमेरिकेत याचे पुरावे मिळू लागले आहेत. गुगलने २००९ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून उभी राहिलेली वेमो ही कंपनी फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजलिस या शहरांत चालकाविना टॅक्सी चालवते. सुमारे नऊ कोटी किलोमीटरच्या प्रवासाचा अभ्यास कंपनीच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. माणसांनी तेवढेच अंतर गाडी चालवली असती तर पादचारी जखमी होण्याचे जितके अपघात अपेक्षित होते, त्यापेक्षा ९२ टक्के कमी अपघात झाले, असा त्याचा निष्कर्ष आहे. अभ्यास कंपनीचा आहे, हे लक्षात ठेवूनही आकडा मोठा आहे. पायी चालणाऱ्याला यंत्राकडून माणसापेक्षा अधिक सांभाळून घेतले जाऊ शकते, हे त्यातून दिसते.

पण ते कुठे दिसते, हाही प्रश्न आहे. बाजारहून परतताना गाडीवान झोपला तरी बैल त्याला घरी आणत, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांनी पाहिले आहे. ते जमे, कारण वाट रोजची होती. वेमोची गाडीही तिच्यासाठी आधी बारकाईने मोजून ठेवलेल्या हद्दीतच धावते. तिथे पट्टे ठळक आहेत, पदपथ आहेत, सिग्नल पाळले जातात. आपल्या महामार्गावर दुभाजक जिथे फोडलेला असतो तीच ओलांडायची जागा ठरते. सेवा रस्त्यावरून दुचाकी उलट दिशेने येते. मागचा दिवा नसलेली ट्रॉली रात्री डाव्या बाजूला उभी असते. हे दृश्य आम्हाला अभिमानाचे नाही, पण ते आहे. ज्या यंत्राला ते वाचता येत नाही, त्याला या रस्त्यावर जागा नाही.

वाचता न येण्याची किंमत जगाने पाहिली आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी-गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला ठार केले. गाडीच्या यंत्रणेला ती काही सेकंद आधीच दिसली होती. मात्र ती कधी अनोळखी वस्तू, कधी वाहन, कधी सायकल ठरत राहिली. ठरवून दिलेल्या जागेखेरीज माणूस रस्ता ओलांडेल, ही शक्यताच त्या आज्ञावलीत धरलेली नव्हती, असे तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत निघाले. आपल्या गावांत ठरवून दिलेल्या जागी रस्ता ओलांडता येईल अशी सोय किती ठिकाणी आहे? टेम्पीतला अपवाद हा आपल्याकडचा नियम आहे.

आणि शिक्षा कोणाला झाली? उबरवर फौजदारी खटला झाला नाही. चालकाच्या आसनावर देखरेखीसाठी बसवलेल्या महिलेने २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली. ती त्या वेळी मोबाइलवर कार्यक्रम पाहत होती, तिची चूक होतीच. पण आज्ञावली लिहिणारे, ती रस्त्यावर सोडणारे आणि तिच्यातून नफा कमावू पाहणारे सुटले. आपल्या ट्रकचालकांना हे सांगावे लागत नाही. अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद, या भारतीय न्याय संहितेतल्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी देशभर चाके थांबवली आणि महाराष्ट्रातल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पळून जाण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. मात्र मालकाने जुने टायर बदलले नाहीत, गाडीत क्षमतेबाहेर माल भरला, तरी कायद्याचा हात आधी चालकाच्याच मानेवर पडतो, ही त्यांची तक्रार खरी आहे. उद्या चालकच नसेल तेव्हा राजगड पोलीस ठाण्यात गुन्हा कोणावर नोंदवायचा? आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात याचे उत्तर नाही. ब्रिटनने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यात ते आहे: गाडी स्वतः चालत असताना तिच्या वागण्याची जबाबदारी परवाना घेणाऱ्या संस्थेची, आत बसलेल्या माणसाची नाही.

आपला रोजचा मृत्यू मात्र वेगळ्याच वाटेने येतो. साताऱ्याकडून आलेले जड ट्रक किकवी ओलांडून पुढे कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरतात. त्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका वाहनाने अठ्ठेचाळीस गाड्यांना धडक दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताबा सुटलेल्या ट्रकच्या धडकेनंतर आग लागली आणि आठ जणांचा बळी गेला. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणे, तापून निकामी झालेले ब्रेक, झीज झालेले भाग, या रोगांवर महागड्या मोटारीतला संगणक हा उपाय नाही. १० एप्रिल २०१८ ला खंबाटकीच्या बोगद्याजवळच्या वळणावर टेम्पो उलटून विजापूरकडून शिरवळला कामासाठी निघालेले अठरा मजूर ठार झाले. मालवाहू टेम्पोत कोंबून प्रवास करणाऱ्या या माणसांच्या वाट्याला विनाचालक गाडीची सुरक्षितता कधी येणार? सर्वांत महाग वाहनात सर्वांत आधी येणारे तंत्र सर्वांत जास्त मरणाऱ्यांपर्यंत सर्वांत शेवटी पोचते. हा दोष आम्हाला यंत्राच्या चुकांपेक्षा मोठा वाटतो. वेल्ह्यातल्या, आताच्या राजगड तालुक्यातल्या, वाडीवर एकट्या राहणाऱ्या, नजर अधू झालेल्या म्हाताऱ्याला अशी गाडी खरोखर वरदान ठरेल. पण मोबाइलची रेंज नसलेल्या, पट्टे नसलेल्या त्या घाटरस्त्यावर तीही शेवटीच पोचेल.

रोजगाराचा प्रश्न केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी ठामपणे मांडला आहे. चालकांची कामे जातील म्हणून विनाचालक गाड्यांना आपण भारतात परवानगी देणार नाही, असे ते २०१७ मध्ये म्हणाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात त्यांनी त्याचा पुनरुच्चार केला. भोर-वेल्ह्यातल्या कित्येक घरांची चूल पुण्यातली टॅक्सी, ट्रॅव्हल्स, कंपनीची बस किंवा टेम्पो यांवर पेटते, त्यामुळे ही काळजी आम्हाला परकी नाही. परंतु नकार एवढ्या एकाच पायावर फार काळ उभा राहणार नाही. देशात बावीस लाख प्रशिक्षित चालकांची कमतरता असल्याचे गडकरीच सांगतात. ही कमतरता पगारापेक्षा जिण्याची आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली, तरी रात्रंदिवस चाकावर बसणारे चालक याच महामार्गावर भेटतात. चालकाची नोकरी वाचवायची असेल तर आधी त्याचे तास वाचवा, त्याला झोपायला जागा द्या.

आमचा खरा आक्षेप अर्धवट यंत्रावर आहे. आज आपल्याकडे मिळणाऱ्या मोटारींत गाडी पट्ट्यात ठेवणारी, पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी, धोका दिसताच ब्रेक लावणारी यंत्रणा असते. शून्य ते पाच अशा सहा पायऱ्यांतली ही दुसरी पायरी. तिथे लक्ष आणि जबाबदारी दोन्ही चालकाचीच. तरीही सुकाणू सोडून गंमत करणाऱ्यांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरतात. जाहिरातींतून या सोयीचे असे चित्र उभे केले जाते की घेणाऱ्याला गाडी आपली आपण चालते असे वाटावे. अशा जाहिरातींना आळा घालणे सरकारच्या हातात आहे आणि ते आजच करता येते.

ही यंत्रणा जिथे सर्वांत उपयोगी पडेल ती जागा म्हणजे ट्रक आणि बस. चालकाला डुलकी लागली तर जागे करणारे, समोर माणूस दिसताच ब्रेक लावणारे उपकरण मोठ्या वाहनांना सक्तीचे करण्याचा मसुदा केंद्रीय मंत्रालयाने २०२५ मध्ये काढला, तो योग्यच आहे. माणूस चाकावर राहतो आणि त्याची नजर चुकली तर यंत्र सावरते. अशा जोडीत चालकाची नोकरीही टिकते आणि पादचाऱ्याचा जीवही. मात्र नियम नव्या गाड्यांपुरता राहिला तर वीस वर्षांचे ट्रक तसेच धावत राहतील.

पुण्याला या कामात मोठे स्थान आहे. वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय इथे १९६६ पासून आहे. चालक-साहाय्य यंत्रणांसाठी तिने मावळात टाकवे इथे चाचणीमार्ग उभारला आहे. मोटारींसाठी आज्ञावली लिहिणारी केपीआयटीसारखी कंपनी पुण्याचीच. म्हणून आमच्या मागण्याही पुण्यापासून सुरू होतात. चाचणीमार्गावर आपल्या रस्त्याची खरी परिस्थिती आणावी: पावसातली रात्र, उलट आलेली दुचाकी, दिवा नसलेली ट्रॉली, मेंढरांचा कळप, दुभाजकातून अचानक पुढे आलेले मूल. निकाल लोकांसमोर ठेवावेत. २०१० मध्ये सुरू झालेले आणि अडीच वर्षांत संपायचे असलेले पुणे-सातारा सहापदरीकरण किती वर्षे रखडले, हे या पट्ट्यातल्या प्रत्येकाने टोल भरत पाहिले आहे. तेव्हा गावागावांपाशी भुयारी मार्ग, दिवे आणि सलग सेवा रस्ते हे काम कोणत्याही संगणकाच्या आधीचे आहे. जुन्या ट्रकांना ब्रेकची आणि इशाऱ्याची उपकरणे बसवण्यासाठी केंद्राने छोट्या मालकांना अर्थसाह्य द्यावे. आणि विनाचालक गाडीचा कायदा जेव्हा होईल तेव्हा त्याचे पहिले कलम जबाबदारीचे असावे: अपघात झाला तर आरोपी कंपनी, आणि भरपाई मृताच्या वारसांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्याआधी. हे कलम मान्य नसलेल्या कंपनीला महाराष्ट्राच्या रस्त्यावर चाचणीचीही परवानगी देऊ नये.